बॅकला खेळणारा राहुल भेके

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या ना, पहिल्या दोन ओळी रिकाम्या आहेत. मला विषय दिला होता फुटबॉल आणि आपली मुलं, मी म्हटलं एवढ्या मोठ्या विषयावर मला नाही बोलता येणार, मला एकाच माणसाबद्दल बोलू द्या. राहुल भेके. हे नाव किती जणांनी ऐकलंय, हात वर करा बरं... पाच, सहा. आणि मेस्सी? सगळे. मेस्सी मलाही आवडतो, पण भेके आपल्या मुंबईत जन्मलेला, मराठी आडनावाचा, भारताकडून खेळलेला माणूस, आणि ठाण्यातल्या भरलेल्या हॉलमध्ये त्याच्यासाठी सहा हात वर येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारणही माहितीय मला. तो बॅकला खेळतो, म्हणजे मागे, आपला गोल राखणाऱ्यांत.

मी रविवारी सकाळची ट्रान्स हार्बर पकडून कोपरखैरण्याला जातो, तिथे मैदानावर पोरांना शिकवतो. नवीन पोरांना विचारलं कुठे खेळणार तर सगळे फॉरवर्ड म्हणतात, एखादा गप्प उभा असतो, त्याला बॅकला टाकतात. 'टाकतात' हाच शब्द आहे बघा आपल्याकडे. आणि पुढच्या रविवारी त्याचे बाबा हजर, सर याला मागे का टाकलं, याच्यात काही कमी आहे का.

२०१४ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झालं तेव्हा त्यातल्या मुंबई सिटी क्लबच्या घरच्या मॅचेस नेरूळला डी. वाय. पाटीलवर व्हायच्या, आम्ही सगळे अनेल्काला, त्या फ्रेंच फॉरवर्डला, बघायला जायचो. भेके त्या काळात मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, मग केरळा ब्लास्टर्स, मग पुणे सिटी असा क्लब बदलत फिरत होता. राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बॅक, मेहनती, बरा आहे, एवढंच माझं मत होतं, आणि ते मत मी त्याला धड न बघताच बनवलेलं. म्हणजे मॅच बघायचो पण नजर कायम बॉलवर, आणि बॅकचं निम्मं काम तर बॉल लांब असताना चालू असतं.

२०१७ला तो बेंगळुरू क्लबात गेला. १७ मार्च २०१८, आयएसएलची फायनल, बेंगळुरूचं स्वतःचं कांतीरवा स्टेडियम, समोर चेन्नईयन, आणि ३-२ने हरले. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९, परत फायनल, या वेळी आपल्या अंधेरीला, समोर गोवा. ९० मिनिटं ०-० गेली, एक्स्ट्रा टाइम सुरू झाला, त्यात गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं यलो कार्ड मिळून तो बाहेर, गोवा दहा जणांवर, सगळ्यांचे पाय जड झालेले, आता पेनल्टीच होणार असं धरून चालले होते सगळे आणि ११७व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला, दिमास देलगादोने बॉल टाकला आणि भेकेने हेडर मारून आत घातला. १-० आणि बेंगळुरूचं पहिलं आयएसएल. जवळजवळ दोन तास विंगरच्या, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्याच्या, मागे पळलेला माणूस ११७व्या मिनिटाला समोरच्या गोलपर्यंत चालत गेला, उडी मारायची ताकद राखून होता, आणि बॉल कुठे पडणार हे त्याला कळलं होतं.

यानंतर अडीच महिन्यांनी, जून २०१९ला, थायलंडमध्ये किंग्स कपला तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. वय २८. आपल्याकडे सोळाव्या वर्षी सिलेक्शन झालं नाही की घरात म्हणतात आता अभ्यासाकडे बघ. समोर बसलेल्या पालकांनी हा आकडा जरा डोक्यात ठेवा, अठ्ठावीस.

आणि त्याच सप्टेंबरमध्ये दोहा. वर्ल्ड कप क्वालिफायर, समोर कतार, म्हणजे त्याच वर्षीचे आशियाई चॅम्पियन, आपला स्टार फॉरवर्ड सुनील छेत्री आजारी म्हणून टीममध्ये नाही. मॅच ०-० सुटली. आपला गोलकीपर गुरप्रीतने जे बॉल अडवले त्याला तोड नव्हती, त्याचं कौतुक झालं ते रास्तच. पण त्याच्यापुढे चार जण होते, संदेश झिंगन, आदिल खान, मंदार राव देसाई आणि उजव्या बाजूला भेके. मी ती मॅच दुसऱ्यांदा बघितली तेव्हा ठरवून फक्त भेकेला बघितलं आणि तिथून माझं शिकवणंच बदललं.

काय बघितलं सांगतो, आणि कबड्डीतून सांगतो कारण ठाण्यात कबड्डी सांगावी लागत नाही. चढाईपटू आत आला की नवखा कोपरा, म्हणजे कोपऱ्यातला बचावपटू, काय करतो, लगेच झडप घालतो, आणि पाय सोडवून तो पळतो, पॉइंट गेला. मुरलेला कोपरा सरकत राहतो, अंतर राखतो, साखळीतल्या बाकीच्यांना जागेवर येऊ देतो, आणि समोरच्याचा पाय जिथे पडणार तिथे आधीच वाकलेला असतो. बॅकचंही हेच आहे. टॅकल ही शेवटची गोष्ट. त्याच्याआधी मान वळवून मागे कोण पळतोय ते बघायचं, अंग अर्धवट तिरकं ठेवायचं म्हणजे दोन्हीकडे वळता येतं, विंगरला आत येऊ न देता लाइनकडे ढकलायचं, स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, पुढे गेला तर त्याची जागा झाकायची, ऑफसाइडची लाइन एकत्र वर न्यायची आणि एकाने उशीर केला की सगळ्यांचं वाटोळं. यातलं बरंचसं टीव्हीच्या फ्रेममध्ये येतच नाही, आणि यातलं काहीच विसाव्या वर्षी पूर्ण येत नाही. पळण्याचा वेग वयाबरोबर कमी होतो पण हे वाचन वाढत जातं. भेके पुढे राइट बॅकचा स्टॉपर झाला ना, तो माझ्या मते याच जोरावर. राइट बॅकला एका अंगाला लाइन असते, तीच त्याची सोबती. स्टॉपरला चारही बाजूंनी मोकळं असतं, तिथे सगळं आधी कळावं लागतं.

२०२१ला तो मुंबई सिटीत आला, आणि एप्रिल २०२२ला रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची मोठी स्पर्धा. इराकची एअर फोर्स क्लबची टीम, आधी त्यांचा गोल, मग आपल्या दिएगो मॉरिसिओची पेनल्टी, १-१, आणि मग कॉर्नरवर भेकेचं हेडर, २-१. त्या स्पर्धेत भारतातल्या क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच. आणि तो कॉर्नर मारला कोणी माहितीय? अहमद जाहूने. अंधेरीच्या फायनलला समोरच्या टीममधून बाहेर गेलेला तोच जाहू. हे मला जेव्हा लक्षात आलं तेव्हा मी घरात एकटाच ओरडलो.

पुढे २०२२-२३ला मुंबईने आयएसएलची लीग शील्ड जिंकली, ती लीगच्या तक्त्यात पहिल्या येणाऱ्याला मिळते, फायनलचा कप वेगळा. पण मला सगळ्यात आवडतो २०२४चा एप्रिल-मे. १५ एप्रिलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागान २-१ जिंकलं आणि शील्ड मुंबईच्या हातातून गेली. १९ दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच टीमसमोर, आयएसएलची फायनल. सगळं स्टेडियम विरोधात, हाफ टाइमच्या जरा आधी बागानचा गोल, मुंबई मागे. आणि तिथून ३-१ जिंकले. कप उचलला कॅप्टनने, आणि कॅप्टन होता भेके. नाव छापून येतं पेरेरा दियाझचं, बिपिन सिंगचं, गोल त्यांचे म्हणून, ठीक आहे. पण आधी गोल खाल्लेली टीम परक्या गर्दीत विस्कटली नाही, ती मागून कोणीतरी धरून ठेवलेली असते.

मग तो परत बेंगळुरूत गेला. १८ नोव्हेंबर २०२४, हैदराबाद, मलेशियाशी १-१, भारताचा गोल भेकेचा, कॉर्नरवर हेडर. भारताकडून पहिला गोल, वय ३३. ते अख्खं वर्ष भारताने एकही मॅच जिंकली नाही. पुढच्या मार्चमध्ये शिलाँगला मालदीवशी ३-० जिंकलो, छेत्री निवृत्ती मागे घेऊन आला म्हणून सगळे कॅमेरे त्याच्यावर, आणि पहिला गोल परत भेकेचा, परत कॉर्नर, परत डोकं. आणि सप्टेंबर २०२५ला ताजिकिस्तानात ओमानशी तिसऱ्या जागेची मॅच पेनल्टीवर गेली तेव्हा भारताच्या तीन पेनल्टी आत गेल्या, त्यातली एक भेकेची.

आता तुम्ही म्हणाल सर हे सगळे गोलच सांगताय. बरोबर आहे, मलाही ते खटकतं. अडवलेल्या गोलाची तारीख कुठे लिहून ठेवत नाहीत, न झालेल्या क्रॉसला मिनिट नसतं, त्यामुळे तुमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवायला माझ्याकडे गोलच उरतात. म्हणून मी पोरांना एक काम देतो. टीव्हीवर मॅच असेल तर दहा मिनिटं एकच बॅक बघायचा, बॉल कुठेही जाऊ दे, आणि त्याने मान किती वेळा वळवली ते मोजायचं. पहिल्यांदा सगळ्यांना कंटाळा येतो. दुसऱ्यांदा भांडणं लागतात की माझा आकडा बरोबर की तुझा.

एक पोरगा आहे आमच्याकडे, नाव नाही सांगत, आज इथे बसलाय. मागच्या पावसाळ्यात त्याला राइट बॅक केलं तेव्हा दोन रविवार आलाच नाही. मी घरी गेलो, त्याला भेकेचे थ्रो-इन दाखवले, लाइनवरून हातानेच बॉल सरळ बॉक्समध्ये, जवळजवळ कॉर्नरसारखा. एवढंच दाखवलं, समजावलं काही नाही. तिसऱ्या रविवारी आला. त्याची आई सांगत होती की बिल्डिंगच्या मागे भिंतीवर रोज थ्रो मारत बसतो, वॉचमन ओरडतो. तेव्हा त्याचा बॉल बॉक्सपर्यंत पोहोचत पण नव्हता. गेल्या रविवारी पेनल्टी स्पॉटच्या अलीकडे पडला, मी पावलं टाकून मोजलं, अजून तीन पावलं कमी आहेत.