भिंतीतले गोचीड

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. जुन्या घराचं परसू, सकाळची वेळ.)

पुढे ओटा, मधे चौक, मागे परसू. परसात तुळस, पारिजातक, धुण्याचा दगड, आणि कधीतरी कामाला येतील म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या खिडक्यांच्या चौकटी. त्यांच्याच आडोशाला, गोणपाटावर मोती झोपतो.

घरच्या काकू रोज सकाळी मोतीचे कान उलटून बघतात. चिमट्यात सापडेल तो गोचीड ओढायचा, साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. "अहो, औषधाचा साबण झाला, पावडर झाली," काकू म्हणतात. "रोज काढते, तरी येतात कुठून तेच कळत नाही."

येतात ते मोतीच्या पाठीमागच्या भिंतीतून.

(दृश्य: विटांची भिंत, बॅटरीच्या उजेडात, अगदी जवळून.)

दरजांतला चुना झडलाय, तिथे बॅटरी तिरकी धरू या. सुरुवातीला फक्त एक राखाडी खडा दिसतो. मग त्याच्या पुढच्या टोकाशी बारीक पाय हलतात. ही रक्त पिऊन फुगलेली मादी, एरंडाच्या बीसारखी टपोरी. उपाशी असताना ती जेमतेम ३ मिलिमीटरची होती, आता १० च्या पुढे गेली आहे. तिच्यापाशी फटीत तपकिरी, दाणेदार पुंजका आहे. ती तिची अंडी. एक मादी ४००० पर्यंत अंडी घालते आणि तिथेच मरते.

कुत्र्यावरच्या या तपकिरी गोचिडाला वर चढायची सवय असते. म्हणून तो भिंतीच्या वरच्या फटींत सापडतो, दाराच्या चौकटीमागे सापडतो, कधी थेट आढ्याशी सापडतो. अंड्यातून सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात आणि गळून पडतात. फटीत जाऊन कात टाकतात, आठ पायांची होतात, पुन्हा कुत्र्यावर चढतात, पुन्हा गळतात. पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा तेच. तीन जेवणं कुत्र्यावर, बाकी सगळं आयुष्य भिंतीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. आणि पूर्ण वाढलेला गोचीड उपाशी राहिला, तरी वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकतो.

काकूंच्या वाटीत पडतात ते त्यातले थोडेच. त्यांची मेहनत वाया जात नाही, पण भिंत तशीच राहते.

इंटरनेटवर या विषयाचे व्हिडिओ भरपूर आहेत. बहुतेक अमेरिकेतले. गवत कापा, पालापाचोळा काढा, हिरवळ आणि झाडी यांच्यामध्ये तीन फुटांचा खडीचा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा टाका. तिथे तो सल्ला बरोबरच आहे, कारण तिथला काळ्या पायांचा गोचीड झाडीतल्या पाचोळ्यात राहतो, हरणांवर आणि उंदरांवर वाढतो, आणि माणसाला लाइम रोग देतो. दांडिया बाजारात ना हरीण, ना हिरवळ. इथे खडी टाकून पैसे जातील, गोचीड जाणार नाहीत. इथलं काम कडियाचं, म्हणजे गवंड्याचं आहे.

(दृश्य: कडिया थापीने दरजा भरतो आहे. बाजूला घमेलं.)

आधी चौकटी, फुटक्या कुंड्या, विटांचे ढीग हलवायचे. मोतीचं गोणपाट फेकून द्यायचं. त्याऐवजी दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढता येईल अशी जुनी चादर घालायची. तारेच्या ब्रशने दरजा खरवडायच्या आणि निघालेला चुरा साबणाच्या पाण्यात बुडवायचा, कचऱ्यात तसाच टाकायचा नाही. मग फटींत फवारणी. घरात वापरायला परवानगी असलेलं डेल्टामेथ्रिनसारखं औषध, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. शेतीसाठीचं औषध आणून घरात मारणं धोक्याचं आहे, ते करूच नका. फरशीवर सडा घालून उपयोग नाही. नळी फटीत गेली पाहिजे, चौकटीमागे गेली पाहिजे, वर छतापर्यंत गेली पाहिजे. पाखरांसाठी ठेवलेलं पाणी आणि माशांची टाकी आधी हलवा. सगळं वाळेपर्यंत मुलं, कुत्रा, मांजर आत येता कामा नये. मांजर असेल, तर पर्मेथ्रिन असलेलं औषध घरात आणूच नका. मांजराच्या जिवावर बेततं.

अंडी फवारणीला दाद देत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं, आणि त्यानंतरच दरजा सिमेंटने भरून घ्यायच्या.

आणि मोतीचं काय? या दिवसांत त्याला गावाला किंवा मित्राकडे पाठवायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. माझं मत उलट आहे: त्याला इथेच ठेवा, पण औषधावर ठेवा. जनावरांच्या डॉक्टरकडे आता खायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर चालतात, फ्लुरालनरची गोळी साधारण १२ आठवडे. गोळी घेतलेल्या कुत्र्याला चावलेला गोचीड मरतो. भिंतीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी रक्तासाठी बाहेर यावंच लागतं, आणि तो मोतीकडेच येतो. एक गोळी देऊन थांबू नका. भिंतीतली शेवटची फळी उपाशी बसलेली असते, औषध तिच्यापेक्षा जास्त काळ चाललं पाहिजे. कुत्र्याला कधी फिट आली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

कुत्रा हलवला, तर उपाशी गोचीड माणसाकडे वळू शकतात. त्यातून आपला उन्हाळा. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एक प्रयोग मांडला. एका बाजूला कुत्रा, दुसऱ्या बाजूला माणूस, मधे गोचीड. हवा साधारण ३८ अंशांवर नेल्यावर उष्ण प्रदेशातला तपकिरी गोचीड माणसाकडे कितीतरी जास्त वेळा गेला. वडोदऱ्यातला मे महिना ३८ वर थांबत नाही.

(दृश्य: पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसलेली गाय. मान, कास.)

गाईच्या अंगावर वेगळे गोचीड असतात, पायांवर फिकट पट्टे असलेले. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यात, अशा गोचिडांतून पसरणाऱ्या क्रायमियन-काँगो या विषाणूच्या तापाची भारतातली पहिली साथ निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचं निदान केलं. पहिली रुग्ण तर गेलीच, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. तो विषाणू गोचीड चावल्याने येतो, तसाच गोचीड हाताने चिरडल्यानेही येतो. म्हणून गाईवरचा असो की कुत्र्यावरचा, नखावर घेऊन फोडायची सवय सोडा. रॉकेल, तूप, पेटती काडी यांतलं काहीही नको. चिमटा कातडीलगत धरा, न पिळता सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. आणि पुढे पंधरा दिवसांत ताप आला, अंगावर पुरळ उठलं, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आठवणीने सांगा. आपल्याकडे गोचिडांपासून टायफस (पुरळ उठवणारा ताप, टायफॉइड नव्हे) होतो, आणि वेळेवर कळला तर त्याला साधं, स्वस्त औषध आहे.

मोतीने खाणं सोडलं, ताप आला, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकिया नावाचा जंतू कुत्र्यावरचा हाच तपकिरी गोचीड पसरवतो.

(दृश्य: दोन घरांमधली सामाईक भिंत.)

या पोळीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. काकूंच्या परसाची एक भिंत शेजारच्यांचीही आहे, आणि फटी आरपार आहेत. शेजारच्या बेनच्या ओट्यावर दोन भटकी कुत्री दुपारची झोपतात. बेन त्यांना रोज पोळी घालतात. काकू आज तिकडे बोलायला गेल्या आहेत: फवारणी दोन्हीकडे एकाच दिवशी, कडिया एकच, मजुरी निम्मी-निम्मी. ओट्यावरच्या कुत्र्यांची गोळी रोजच्या खायच्या पोळीत लपवून देता येईल, पण तिचं माप वजनावर ठरतं. तेव्हा त्या दोघांना आधी काट्यावर उभं करावं लागेल.