चरबीचा निरोप

[दृश्य: अंड्याच्या कवचातली छोटी खिडकी, आत लाल जाळं]

हे कोंबडीचं फलित अंडं. कवचाला नखाएवढी खिडकी पाडलीय. आतलं लाल जाळं पिलाच्या अंगातलं नाही, पिलाभोवतीच्या पातळ पडद्यातलं आहे. नीट बघा, जाड वाहिनीला बारीक फुटवे आलेत, त्यांना आणखी बारीक. एखाद्या द्रव्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात का, हे तपासायला पडद्यावर त्याचा अंश ठेवायचा आणि वाट बघायची.

१९९८ साली अशा पडद्यावर लेप्टिन या हार्मोनचा अंश ठेवला गेला. फुटवे आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने लेप्टिन उंदराच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात ठेवलं. तिथे एरवी रक्तवाहिनी नसतेच. तिथेही लाल रेषा सरकत आल्या.

आणि लेप्टिन येतं कुठून? चरबीतून.

[दृश्य: तराजूत दोन उंदीर]

हा डावीकडचा गोळा बघा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली असे उंदीर अचानक जन्माला आले. भूक भागतच नाही, वजन भावंडांच्या जवळपास तिप्पट. तिथले शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर कातडीला कातडी शिवून जोडले, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांत मिसळेल. लठ्ठ्याचं खाणं कमी झालं, वजनही. साध्याच्या रक्तातून ‘आता खाणं पुरे’ असा काहीतरी निरोप जात होता. अनेकांना ते पटलं नाही. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्यामागचा जनुक शोधला, तेव्हा कुठे कोलमन खरे ठरले. त्या निरोप्या हार्मोनचं नाव ठेवलं लेप्टिन. ग्रीक ‘लेप्टॉस’ म्हणजे कृश. चरबीच्या लेकीचं नाव कृशा!

आपल्याकडे ‘चरबी चढलीय’ हे माजाबद्दल म्हणतात. चरबी म्हणजे नुसती साठवणीची कोठी, असंच आपण धरून चालतो. पण ती निरोप धाडते, आणि वाढायला लागली की स्वतःसाठी रक्ताचे रस्तेही मागते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या पेशी, मधून केशवाहिन्या]

हे फुगे म्हणजे चरबीच्या पेशी. मधल्या बारीक रेषा केशवाहिन्या. फुगे भराभर मोठे झाले आणि रेषा मागे पडल्या, की आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही. मग तिथे दाह सुरू होतो. ॲडिपोनेक्टिन हा चरबीचाच दुसरा हार्मोन. तो रक्तवाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतो, त्याने वाहिनी सैल राहते. गंमत अशी की चरबी वाढते तसा हा कमी होतो. लेप्टिन मात्र वाढतं, आणि मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. पुढे हार्ट अटॅक, पक्षाघात, मधुमेह: ही यादी घरोघरी पाठ आहे.

[दृश्य: दोन डॉक्टरांचा शेजारीशेजारी फोटो]

आता हा फोटो, २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबात दोघे सारखेच. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के.

याज्ञिक यांची २१.२.

[फोटो तसाच राहतो. आवाज नाही.]