पऱ्हाटीतलं मिथेनॉल

उलंगवाडी झाली. यवतमाळकडच्या या वावरात कापूस संपला, उरली ती वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची खोडं. ती लवकर काढावीच लागते. उभी राहिली तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर तुटून पडते. म्हणून पऱ्हाटी उपटायची, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग घालायचा आणि काडी लावायची. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

या ढिगातलं एक खोड मोडून बघा. साल चिवट, दोरीसारखी सोलून निघणारी. आत पांढरं, टणक लाकूड. पूर्ण वाळलेल्या एक टन पऱ्हाटीत साधारण साडेचारशे किलो कार्बन असतो. काडी लावली की तो धुरावाटे जातो. त्याच कार्बनचं मिथेनॉल होऊ शकतं.

मिथेनॉल हे द्रवरूप इंधन, पाण्यासारखं दिसणारं आणि अतिशय विषारी. आज जगात ते मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतं. पऱ्हाटीपासून करायचं तर आधी तिची कुट्टी करून, जेमतेम ऑक्सिजन देऊन ती आठशे-नऊशे अंशांवर तापवतात. तिचा वायू होतो, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. त्यातलं डांबर, गंधक, धूळ काढणं हे सगळ्यात किचकट काम. मग हा स्वच्छ वायू मोठ्या दाबाखाली, अडीचशे अंशांच्या आसपास, तांबं आणि जस्ताच्या उत्प्रेरकावरून सोडला की मिथेनॉल तयार होतं.

पण पऱ्हाटीत कार्बन भरपूर, मिथेनॉलला लागणारा हायड्रोजन तोकडा. नुसत्या पऱ्हाटीवर कारखाना चालवला तर त्यातला बराचसा कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन हवेतच जातो. ही तूट ऊन भरून काढतं, आणि विदर्भात उन्हाला तोटा नाही. सौर विजेनं पाण्याचं विघटन केलं की हायड्रोजन मिळतो. तो मिसळला तर तेवढ्याच पऱ्हाटीतून जवळपास दुप्पट मिथेनॉल निघू शकतं. सुटणारा ऑक्सिजन भट्टीला कामी येतो.

त्याला पाणी मात्र लागतं, एक किलो हायड्रोजनला किमान ९ लिटर, तेही शुद्ध. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे पाणी कुठून येणार ते जागा ठरवण्याआधी गावाला सांगायला हवं.

गिऱ्हाईक आहे. २०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' हे मिथेनॉलवर चालू शकणारं जगातलं पहिलं कंटेनर जहाज सेवेत आलं. लांबच्या सागरी प्रवासाला बॅटरी पुरत नाही, म्हणून जहाज कंपन्या अशा इंधनाच्या शोधात आहेत.

खरं घोडं अडतं ते इथे, धुऱ्यावर. पऱ्हाटीनं ट्रॉली शिगोशीग भरते, काट्यावर वजन मात्र भरत नाही. डिझेलचा खर्च तेवढाच. त्यामुळे कुट्टीचं यंत्र वावरात आलं पाहिजे.

शिवाय पऱ्हाटीला कचरा म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी गावात यावं. शेतमजूर बाया डोक्यावर मोळ्या घेऊन परततात. कित्येक घरांची चूल अजून त्यावरच पेटते. तुऱ्हाटीचे, म्हणजे तुरीच्या काड्यांचे, कूड होतात, सोयाबीनचं कुटार जनावरांच्या पोटात जातं. या दोन्हींना हात लावायचं कारण नाही.

कारखान्याच्या गेटवरचा भाव शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. त्याला धुऱ्यावरचा भाव हवा, उपटणीची मजुरी धरून आणि ओलाव्याची कपात किती ते आधी सांगून. आणि मोळ्यांवर जगणाऱ्या चुलींची पऱ्हाटी खरेदीच्या करारातूनच वगळलेली हवी.