बोकडाचं वीर्य गोठवताना मरतं कुठं?

नमस्कार मंडळी. खानापूर असो, निपाणी असो नाहीतर अथणी, गाई-म्हशीला डॉक्टर बोलावून गोठवलेल्या वीर्याची कांडी भरायची आता आपल्याकडं सवयच झालीय. शेळीचं मात्र तसं नाही. हौसेनं बीटल जातीच्या बोकडाची कांडी आणली, भरली, आणि तीन आठवड्यांनी शेळी परत माजावर! मग आपण म्हणून मोकळे, 'कांडीच बोगस होती.' असेलही की. पण आधी त्या कांडीत काय काय होऊन गेलेलं असतं ते बघू.

(रिकामी कांडी कॅमेऱ्याजवळ धरून) ही बघा, पाव मिलीलिटरची. हिच्यावर जात, बोकडाचा नंबर, तारीख छापलेली असते, ते वाचून घेत जा. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला ही वर्षानुवर्षं टिकते. नुकसान तिथं होत नाही. ते होतं तिथपर्यंत जाताना आणि तिथून परत येताना.

पहिला फटका तर बर्फ व्हायच्या आधीच बसतो. शुक्राणूवर चरबीचा पातळ पापुद्रा असतो. 15 ते 5 अंशांच्या टप्प्यात घाईनं गार केलं की ही चरबी थिजते आणि पापुद्र्याला चिरा जातात. म्हणून वीर्य आधी 5 अंशांपर्यंत सावकाश आणतात.

शून्याखाली गेलं की दुसरा फटका. लहानपणी पिशवीतली पेप्सी चोखली असेल ना? रंग आणि गोडी आधी तोंडात येते, मागं पांढरा फटक बर्फ उरतो. इथंही तेच. आधी पाणी गोठतं आणि उरलेल्या द्रवात क्षार दाटतात. त्या खारट द्रवात शुक्राणू आतून सुकतो. फार घाई केली तर उलटं, पाणी आतच राहतं आणि आत बर्फाचे खडे होतात. यावर उपाय ग्लिसरॉल नावाच्या दाट, गोडसर द्रवाचा. 1949 साली इंग्लंडात पोल्ज नावाच्या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी तो दाखवला, तोही कोंबड्याच्या वीर्यावर. गंमत अशी, की तेच ग्लिसरॉल कोंबडीच्या पोटात गेलं तर अंडी फळत नाहीत!

आता बोकडाची खरी भानगड. वळूचं, रेड्याचं वीर्य गोठवताना त्यात अंड्याचा पिवळा बलक घालतात. बलकातलं लेसिथिन, म्हणजे एक प्रकारची चरबीच, त्या पापुद्र्याला सांभाळतं. बोकडाच्या वीर्यात मात्र त्याच्याच एका ग्रंथीतून आलेलं एंझाइम असतं. ते लेसिथिन फोडतं, आणि त्यातून जे तयार होतं ते शुक्राणूंनाच विष! म्हणजे वाचवायला घातलेला बलकच मारायला उठतो. दूध घातलं तरी त्या ग्रंथीचा स्राव नडतोच. म्हणून जाणते लोक बोकडाचं वीर्य यंत्रात गरगर फिरवून, धुवून, वरचा द्रव काढून टाकतात, नाहीतर बलक अगदी थोडा घालतात, नाहीतर सोयाबीनचं लेसिथिन वापरतात. वळूची रीत जशीच्या तशी बोकडाला लावली, तर निकाल काय लागायचा तो लागतोच.

बाकी जनावरांचंही सारखं नाही. वळूचं वीर्य त्यातल्या त्यात सोशिक, तरी वितळल्यावर निम्मे शुक्राणू हलते असले की कांडी पास. रेड्याचं त्याहून नाजूक. डुकराचं तर इतकं नाजूक, की ते बहुतेक ठिकाणी गोठवतच नाहीत, 17 अंशांच्या आसपास ठेवून ताजंच वापरतात.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली हलतोय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गोठून आलेला शुक्राणू अंडं फळवायला आधीच 'तयार' झालेला असतो. ताज्या शुक्राणूला शेळीच्या पोटात जी तयारी करायला काही तास लागतात, ती याची थंडीतच अर्धीअधिक उरकलेली असते. त्यामुळं तो टिकतोही कमी. शेळीचा माज साधारण दीड दिवस, आणि अंडं सुटतं माजाच्या शेवटाकडं. माज दिसल्या दिसल्या कांडी भरली, तर अंडं येईपर्यंत हे बिचारे संपलेले असतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

कांडी काढतानाही नजर ठेवा. कंटेनरच्या गळ्यापर्यंत कांड्या वर आणून नंबर शोधत बसणारे मी बघितलेत. चैत्रातल्या उन्हात तर बघवत नाही. त्या काही सेकंदांत आतले बर्फाचे बारीक खडे मोठे व्हायला लागतात, आणि परत बुडवल्यानं झालेलं नुकसान भरून येत नाही. काढलेली कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची, पुसून कोरडी करायची आणि लगेच भरायची. पाणी बोटानं नाही, थर्मामीटरनं बघा. डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

माझं मत विचाराल तर, दारात चार-पाच शेळ्या असतील आणि गावात चांगला, नात्यातला नसलेला बोकड असेल, तर कांडीच्या मागं लागू नका. एका उडीत तो अब्जांनी शुक्राणू देतो, कांडीत काही कोटीच असतात. कळपात नवीन रक्त आणायचंय आणि तसा बोकड जवळपास मिळत नाही, तेव्हा कांडी घ्या, आणि एकाच माजावर आशा ठेवू नका.