पाच पंचावन्नची धून

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी रेडिओ भिंतीतल्या फळीवर असायचा आणि तो लावायचा मान वडिलांचा. पहाटे सहाला पाच-सात मिनिटं असताना ते बटण फिरवायचे. सेट तापेपर्यंत नुसती खरखर. आई न्हाणीघरात बंब पेटवत असायची, त्याच्या धुराचा वास घरभर पसरलेला. मग कुठून तरी लांबून तंबोरा ऐकू यायचा आणि त्याच्यावर व्हायोलिन. तेच सूर, पुन्हा पुन्हा, अगदी सावकाश. त्यानंतर वंदे मातरम्, मंगलध्वनी, भक्तिगीतं. दिवस सुरू झाला हे आम्हाला घड्याळानं नाही, त्या व्हायोलिननं कळायचं.

आकाशवाणीच्या या संकेतधुनेचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. ‘ती धून एका परदेशी माणसानं केली’ एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण माणूस तेवढ्यावर संपत नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

१ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाडला त्यांचा जन्म झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. घर ज्यू, भाषा जर्मन. त्यामुळे कुणी त्यांना जर्मन म्हणतं, कुणी चेक. शिक्षण मात्र जर्मन संगीतपरंपरेच्या ऐन गाभ्यातलं. बर्लिनला फ्रान्त्स श्रेकर यांच्याकडे ते स्वररचना शिकले. श्रेकर म्हणजे त्या काळचे मोठे ऑपेराकार, दाट, भरगच्च वाद्यवृंदासाठी नावाजलेले. आणि संगीतशास्त्रासाठी गुरू मिळाले कुर्ट झाक्स. जगभरच्या वाद्यांचं वर्गीकरण करणाऱ्या जोडीतले हे एक, आणि भारतीय वाद्यांवर त्यांनी १९१५ च्या सुमाराला आख्खं पुस्तक लिहिलेलं. बर्लिनच्या वर्गात बसून या मुलाला वीणा आणि मृदंगाची चित्रं पाहायला मिळाली असतील, असं मला नेहमी वाटतं.

पुढे ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात गेले. डॉक्टरेट हाताशी आली होती. पण आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझींच्या युवक संघटनेचे स्थानिक म्होरके आहेत हे कळलं, आणि कॉफमन यांनी पदवी घ्यायलाच नकार दिला. पंचविशीतला मुलगा, नोकरीचा पत्ता नाही, समोर हिटलर सत्तेवर आलेला. अशा वेळी नावामागची ‘डॉक्टर’ ही अक्षरं सोडून द्यायला काय लागत असेल!

फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले. त्यानंतर महिन्याभरातच बर्लिनमध्ये श्रेकर वारले. त्यांना नाझींनी आधीच नोकरीतून काढलं होतं. झाक्स यांनाही देश सोडावा लागला होता. म्हणजे ज्यांनी शिकवलं ते दोघंही उखडले गेले होते, आणि शिष्य अरबी समुद्राकाठी नव्यानं पाय रोवत होता. मुंबईच का, याचं त्यांनी दिलेलं उत्तर साधं होतं: व्हिसा सहज मिळत होता.

आल्या आल्या त्यांनी आपल्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि त्यांना काहीएक कळलं नाही. सगळं परकं, अनाकलनीय. इथे बहुतेक युरोपियन मंडळी थांबत. ‘नेटिव्हांचा गोंगाट’ म्हणायचं आणि क्लबात जायचं, असा तो काळ. कॉफमन यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय त्याचा आशय असा: हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी घडवलेलं आहे, लाखो लोकांचं त्यावर प्रेम आहे, मग मला ते कळत नसेल तर दोष सर्वस्वी माझा. त्यावर इलाज एकच, ते जिथलं आहे तिथे राहून शिकणं.

हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. समोरची कला कळली नाही तर आपण पटकन कलेलाच नावं ठेवतो. शास्त्रीय संगीत ‘डोक्यावरून जातं’ म्हणणारी आपलीच माणसं किती आहेत.

राहायला ते वॉर्डन रोड भागातल्या रेवा हाऊस नावाच्या बंगल्यात. पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्त्स काफ्का यांची भाची. काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्त्य संगीत. विलिंग्डन जिमखान्यावर दर आठवड्याला मैफल, पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एडिजिओ वेर्गा नावाचे इटालियन वादक, आणि व्हायोलिनवर मुंबईचा एक तरुण पारशी, मेहली मेहता. जगभर वाद्यवृंद गाजवणारे झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. १९३७ च्या मे महिन्यापर्यंत या सोसायटीच्या १३६ मैफली झाल्या होत्या. मोहन भवनानी या बर्लिनपासूनच्या ओळखीच्या निर्मात्यासाठी त्यांनी चित्रपटांचंही काम केलं. पोटापाण्याचा प्रश्न होताच.

मग रेडिओ. १९३७ ते १९४६ अशी नऊ वर्षं ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. १९३८ मध्ये त्यांनी ‘अनसूया’ हा ऑपेरा खास रेडिओसाठी लिहिला. ना रंगमंच, ना पडदा, ना वेशभूषा. जे काही घडायचं ते तुमच्या-माझ्या कानात.

आता त्या धुनेकडे जरा जवळून पाहू. तिच्यात शिवरंजनी रागाची छाया आहे असं जाणकार सांगतात. शिवरंजनीचे स्वर पाचच: सा, रे, कोमल गंधार, पंचम आणि धैवत. मध्यम आणि निषाद वर्ज्य. तो कोमल गंधारच रागातली सगळी व्याकुळता सांभाळतो. भूप रागातला शुद्ध गंधार जरा खाली उतरवून पाहा, घरातला दिवा मंद झाल्यासारखं होतं.

पण मला स्वरांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते तिथे नसलेलं. पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या रचनाकाराच्या हाताला सुरांखाली सुरांचे थर रचायची सवय असते. एका सुराखाली दुसरा, तिसरा, चौथा, आणि ते क्षणाक्षणाला बदलणारे. श्रेकर यांचा तर तो हातखंडा, आणि कॉफमन त्यांचे शिष्य. एवढीशी धून नटवायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? तरी या धुनेत खाली तंबोरा आहे आणि तो हलत नाही. षड्ज, म्हणजे सा, जिथल्या तिथे. वर एकटं व्हायोलिन. जे येतं ते सगळं बाजूला ठेवून, जे नुकतंच शिकतोय त्याला जागा करून देणं ही फार अवघड गोष्ट आहे. गाणं शिकणाऱ्याला विचारा, ताना घेण्यापेक्षा षड्जावर थांबणं किती जड जातं ते.

मुंबईत बसूनच ते राग शिकत राहिले असंही नाही. ते गोंड आणि बैगा आदिवासींच्या वस्त्यांमध्ये गेले, तिथली गाणी ऐकून लिहून काढली. गोंड आणि बैगांच्या लोकगीतांवरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेत छापून आला. पुढे कित्येक वर्षांनी मारिया आणि मुरिया गोंडांची गाणी व वाद्यं यांवरही त्यांनी लिहिलं.

१९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. आधी इंग्लंड, मग कॅनडातलं हॅलिफॅक्स, आणि १९४८ पासून विनिपेग सिम्फनी वाद्यवृंदाचं संचालन. तिथला हिवाळा म्हणजे उणे तीस. वॉर्डन रोडवरून थेट तिथे! पण मन इथेच घुटमळत होतं. १९४८ मध्येच त्यांची ‘मद्रास एक्सप्रेस’ ही वाद्यवृंदाची रचना बोस्टनमध्ये वाजली. १९५७ मध्ये ते अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि इथे जमवलेलं सगळं तिथे बसून मांडलं. १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ, १९७६ मध्ये दक्षिणेतल्या रागांवरचा. मधल्या काळात तिबेटी बौद्ध मंत्रगायनावरही एक.

उत्तरेच्या रागांचं ते पुस्तक मी एकदा एका ग्रंथालयात मागून घेतलं. रचना पाहिली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. सगळे राग थाटांच्या, म्हणजे ज्या मूळ स्वरसंचांखाली राग मांडतात त्यांच्या, क्रमानं लावलेले. हे थाट आपल्या वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंडे यांनी बसवलेले. कॉफमन मुंबईत आले तेव्हा पंडितजी हयात होते. ते गेले १९३६ मध्ये. मी भूप शोधला. पाच रेघांवर मांडलेला आपला भूप! आयुष्यभर ‘सा रे ग’ अशा अक्षरांत वाचलेले ते स्वर तिथे काळ्या ठिपक्यांनी चढत-उतरत होते. एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणारी मींड मात्र कागदावर मावत नाही. गंधारावरून षड्जाकडे येताना गळा जो वळसा घेतो, तो कुठल्याच लिपीत उतरत नाही, भातखंड्यांच्याही नाही. तरी त्यांनी पानंच्या पानं तो उद्योग केला, कारण इंडियानातल्या एखाद्या मुलाला हे संगीत पहिल्यांदा ऐकताना परकं वाटणार हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते स्वतः त्यातून गेले होते.

त्यांच्या स्वतःच्या रचना बरीच वर्षं कागदातच पडून राहिल्या. २०२० मध्ये टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बल या संचानं त्यांची चेंबर संगीतातली काही कामं ध्वनिमुद्रित केली. मिळाली तर जरूर ऐका. ती युरोपियन वाद्यांची आहेत, रचनाही तिकडची, पण मध्येच कुठेतरी एखादी सुरावट अशी वळते की आपण मान वर करतो.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनमध्ये वॉल्टर कॉफमन यांचं निधन झालं. त्या दिवशीही इथली केंद्रं तंबोरा आणि व्हायोलिनच्या त्याच सुरांनी उघडली होती. आमच्या घरी वडिलांनी बटण फिरवलं होतं आणि आई बंब पेटवत होती.

नमस्कार.