पाच किलोवॉटचा करार

मित्रहो, जीवाश्म इंधनावरचे अवलंबित्व कमी करण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा यंत्रांकडे वळते. सौरपट्ट्या किती क्षमतेच्या घ्याव्यात, बॅटरी किती वर्षे टिकेल, पवनचक्कीचा खर्च केव्हा भरून निघेल, असे प्रश्न विचारले जातात आणि ते योग्यच आहेत. पण त्यांची उत्तरे विक्रेत्यांकडेही मिळतात. लोकांनी मिळून वीज किंवा उष्णता निर्माण करायची ठरवल्यावर ती मालकी कुणाची राहील, ऊर्जा कमी पडली तर कुणी हात आखडायचा आणि ऐन वादळात बिघाड झाला तर कुणी बाहेर पडायचे, हे मात्र विकत मिळत नाही. असे उपक्रम टिकतात किंवा मोडतात ते बहुतांशी याच प्रश्नांवर, असे माझे मत आहे, आणि ते मी काही उदाहरणांच्या आधारे मांडणार आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचे लहानसे बेट आहे. तेथील वस्ती शंभराच्या आसपास आहे. १९९७ साली रहिवाशांनी इतर संस्थांच्या साथीने एक विश्वस्त संस्था स्थापन करून हे बेट जमीनमालकाकडून विकत घेतले. मुख्य भूमीवरून तेथे वीजवाहिनी आलेली नव्हती. त्यामुळे घरोघरी डिझेलची जनित्रे चालत. फेब्रुवारी २००८ मध्ये बेटाने स्वतःचे वीजजाळे सुरू केले. ओढ्यांवरची तीन जलविद्युत केंद्रे, चार पवनचक्क्या, सौरपट्ट्या, बॅटऱ्यांचा साठा आणि अगदीच वेळ आली तर डिझेल जनित्र, अशी त्याची रचना आहे. हिवाळ्यात पाऊस व वारा भरपूर आणि ऊन कमी, तर उन्हाळ्यात ओढे मंदावतात तेव्हा दिवस लांबतो. एका स्रोताची उणीव दुसरा भरून काढेल, हा त्या निवडीमागचा विचार.

भांडवल असेल तर अशी यंत्रणा कुठेही उभारता येते. एगचे वेगळेपण एका नियमात आहे. कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॉटपेक्षा आणि व्यवसायाने १० किलोवॉटपेक्षा अधिक भार घ्यायचा नाही. घेतल्यास त्यांचा पुरवठा आपोआप तुटतो. विजेची किटली आणि पाणी तापवणारे कपडे धुण्याचे यंत्र ही दोन्ही प्रत्येकी दोन-अडीच किलोवॉट खातात, म्हणजे ती एकत्र चालू असताना स्वयंपाकाची विजेची भट्टी (ओव्हन) लावता येत नाही. हा नियम वरवर पाहता जाचक वाटेल. परंतु घराने महिन्याभरात एकूण किती युनिट वापरले यापेक्षा सर्वांची मागणी एकाच घटकेला किती उसळते यावर यंत्रणेचा आकार आणि तिचा खर्च ठरतो, हे लक्षात घेतले की त्यातले शहाणपण कळते. सर्वांनी संध्याकाळच्या एकाच तासाला भार टाकला तर तेवढ्या तासासाठी यंत्रणा कितीतरी मोठी बांधावी लागते आणि उरलेला दिवस ती निष्क्रिय पडून राहते. भट्टी तासाभराने लावण्याची तयारी असेल तर तेवढे भांडवल वाचते. शिवाय ही मर्यादा श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच लागू होते, त्यामुळे जास्त पैसे मोजून जास्त भार मागण्याची वाटच बंद होते. वीज शिल्लक राहते तेव्हा ती सार्वजनिक इमारती उबदार ठेवण्यासाठी वळवली जाते, आणि स्रोत आटतात तेव्हा रहिवाशांना वापर आवरण्याची सूचना जाते.

सामायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरील कामासाठी एलिनॉर ओस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चराऊ कुरणे, मासेमारीची क्षेत्रे, पाटबंधारे यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख स्वतःकडे ठेवली आणि नियम मोडणाऱ्याला पायरीपायरीने वाढणारा दंड ठेवला, तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. एगचा नियम याच कुळातला आहे. तोच नियम दूरच्या कंपनीने लादला असता तर पहिल्याच महिन्यात त्याविरुद्ध अर्जांचा ढीग पडला असता.

आता मालकीकडे वळू. डेन्मार्कमधील सामसो बेटाने १९९७ मध्ये शासनाची एक स्पर्धा जिंकली. दहा वर्षांत संपूर्ण बेट नवीकरणीय ऊर्जेवर कसे नेता येईल याचा आराखडा मांडण्याची ती स्पर्धा होती. २००० साली जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पुढील काही वर्षांत समुद्रात आणखी १० मोठ्या चक्क्यांची भर पडली. या चक्क्या एका धन्याच्या नाहीत. काही शेतकऱ्यांच्या आहेत, काही सहकारी तत्त्वावर छोट्या भागधारकांच्या आहेत, तर समुद्रातल्या काही चक्क्यांत नगरपालिकेनेच पैसे घातले. बेटावरच वाढलेल्या सोरेन हेरमान्सेन यांनी या कामासाठी असंख्य बैठका घेतल्या. त्यांत हवामानाच्या प्रवचनापेक्षा रोजगार, उत्पन्न आणि गावाचे भवितव्य यांवर अधिक बोलणे होई. ज्याचा त्या चक्कीत वाटा आहे त्याला तिचा आवाज कमी खुपतो, ही गोष्ट उपहासाने सांगितली जाते. मला मात्र तीत मनुष्यस्वभावाचे अचूक निरीक्षण दिसते.

सामसोचे यश सांगताना एक गोष्ट अनेकदा गाळली जाते. घरे तापवण्यासाठी तेथे गहू व राय या धान्यांचा पेंढा व लाकडाचे तुकडे जाळणारी सामुदायिक उष्णता केंद्रे उभी राहिली, आणि तेल जाळणारी घरोघरची भट्टी त्यामुळे पुष्कळ अंशी हटली. बेटावरच्या मोटारी आणि फेरीबोटी मात्र तेलावरच चालत राहिल्या. समुद्रातल्या चक्क्यांची वीज मुख्य भूमीला पाठवून त्या तेलाची हिशेबात भरपाई केली गेली. हा हिशेब प्रामाणिक आहे, परंतु ‘तेलमुक्त बेट’ असे जे सहज म्हटले जाते ते त्यातून सिद्ध होत नाही. वीज हा ऊर्जेचा केवळ एक भाग आहे. उष्णता, वाहतूक आणि वस्तू बनवताना खर्ची पडलेली ऊर्जा हे भाग बरेच चिवट आहेत.

तिसरे उदाहरण जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील श्योनाऊ या सुमारे अडीच हजार वस्तीच्या गावाचे. तेथील चळवळ मुळात अणुऊर्जेविरुद्ध होती. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर काही पालक एकत्र आले आणि त्यांनी प्रथम वीजबचतीच्या स्पर्धा भरवल्या. बचतीला वीज कंपनीचे प्रोत्साहन मिळेना, तेव्हा या मंडळींनी गावाच्या तारा आणि खांबच विकत घेण्याचे ठरवले. उर्सुला व मिखाएल स्लाडेक हे दांपत्य त्यात अग्रभागी होते. १९९१ आणि १९९६ अशी दोनदा सार्वमते झाली, दोन्ही त्यांनी जिंकली. देशभरातून वर्गणी आली आणि १९९७ मध्ये वीजजाळे नागरिकांच्या ताब्यात आले. दुसरा कौल अगदी थोडक्या फरकाने मिळाला होता. ‘समुदाय’ हा शब्द आपण जितक्या प्रेमाने वापरतो तितका तो एकजिनसी कधीच नसतो, आणि अडीच हजार माणसांत विजेच्या मालकीवरून फूट पडू शकते, हे या निकालात दिसते.

गावाची इच्छा आणि शिस्त पुरेशी नसते. कायद्याची साथ लागते. छोट्या उत्पादकाला वीजजाळ्याशी जोडणी मिळेल आणि विजेला आधी ठरलेला दर मिळेल, अशी हमी जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याने दिली, आणि तेथे नागरिकांच्या ऊर्जा सहकारी संस्था पुढे झपाट्याने वाढल्या. डेन्मार्कने २००९ ते २०२० या काळात नव्या पवनचक्क्यांमधील किमान २० टक्के वाटा परिसरातील रहिवाशांना देऊ करण्याचे बंधन विकासकांवर घातले. उलट, ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेली दरहमी योजना मार्च २०१९ अखेर नव्या अर्जदारांसाठी बंद झाली, आणि त्या हमीच्या भरवशावर बँकेचे कर्ज मिळवणाऱ्या लहान गटांपुढे नव्याने गणित मांडण्याची वेळ आली.

गावपातळीवर तेलाचे अवलंबित्व कमी करू पाहणाऱ्या ‘ट्रान्झिशन’ चळवळीचा उल्लेख येथे थोडक्यात करतो, कारण तिच्याविषयी सर्वाधिक बोलले जाते. आयर्लंडमधील किन्सेल येथे रॉब हॉपकिन्स यांच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये तेलाचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा तयार केला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील टॉट्नेस येथे चळवळीची सुरुवात झाली आणि ती अनेक देशांत पोहोचली. तिचे स्थानिक चलन, म्हणजे केवळ त्या गावात चालणारे पैसे, सर्वांत गाजले, पण टॉट्नेसचे चलन २०१९ मध्ये बंद झाले, कारण रोख व्यवहारच कमी होत गेले. सामायिक बागा, दुरुस्तीचे मेळावे, घरांची उष्णता टिकवण्याचे वर्ग हे कमी दिखाऊ उपक्रम मला अधिक मोलाचे वाटतात. मात्र या बैठकांना फुरसत आणि शिक्षण असलेलीच माणसे जास्त येतात, भाड्याच्या घरात राहणारे किंवा दोन पाळ्यांत राबणारे क्वचितच येतात, ही चळवळीवरची टीका रास्त आहे.

स्थानिक प्रयत्नांच्या आवाक्याबाहेर बरेच काही राहते, हेही स्पष्ट सांगायला हवे. नैसर्गिक वायूपासून होणारे नत्रखत, पोलाद, सिमेंट, मालवाहू जहाजे हे गावाच्या सभेत ठरत नाहीत. वाचलेल्या पैशाचे काय होते, हाही प्रश्न आहेच. इंजिने काटकसरी झाली तर कोळशाचा एकूण खप वाढतो, असे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच मांडले होते. वीजबिलात वाचलेली रक्कम विमानप्रवासावर खर्च झाली तर हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच एगच्या मर्यादेसारखे नियम मला निव्वळ कार्यक्षमतेपेक्षा अधिक भरवशाचे वाटतात.

या सर्व संस्थांपुढे आता एक व्यावहारिक प्रश्न येऊन ठेपला आहे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचे असते. २००० च्या आसपास उभारलेल्या चक्क्या उतरवून नव्या बसवण्याची वेळ आली आहे, आणि नव्या चक्क्या आकाराने व किमतीने कितीतरी मोठ्या आहेत. पहिल्या पिढीतील अनेक भागधारक वयस्क झाले आहेत. त्यांचे भाग वारसांकडे गेले, आणि ते वारस कदाचित दूरच्या शहरात राहत असतील. अशा भागधारकांपुढे मोठ्या कंपनीने चांगला भाव ठेवला, तर वाटा विकायचा की पुन्हा कर्ज काढून चक्की उभारायची, हे आता प्रत्येक सहकारी संस्थेला आपल्या सर्वसाधारण सभेत मतदानाने ठरवावे लागेल.