हेड्रियनच्या भिंतीवरची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आज सुरुवात करतो एका हजेरीपटापासून. तारीख १८ मे, काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर, ठिकाण ब्रिटनच्या उत्तरेकडचं विंडोलांडा नावाचं रोमन लष्करी ठाणं. तिथल्या कारकुनानं लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर शाईनं शिबंदीचा हिशेब मांडला आहे. एकूण माणसं ७५२. त्यांपैकी ठाण्याबाहेर ४५६: ३३७ जण जवळच्या कोरिया ठाण्यावर, ४६ जण प्रांताच्या सुभेदाराच्या अंगरक्षकांत, एक शतकाधिपती, म्हणजे तुकडीचा नायक, थेट लंडनला, बाकीचे इकडे-तिकडे कामगिरीवर. ठाण्यात हजर २९६. त्यातले आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. म्हणजे उभं राहून लढू शकतील अशी माणसं उरली २६५.

रोमन साम्राज्याच्या सीमेबद्दल पुस्तकांत आपण जे वाचतो, त्याच्या शेजारी हा कागद ठेवून पाहावा असं मला फार वाटतं. नकाशावर सीमा म्हणजे एक ठळक रेघ असते. त्या रेघेवर दर दहा पावलांना भाला घेतलेला शिपाई उभा असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दिवशी अर्ध्याहून अधिक तुकडी दुसरीकडेच होती, आणि जखमींपेक्षा डोळे आलेल्यांची संख्या जास्त होती.

हा हजेरीपट लिहिला गेला तेव्हा तिथे भिंत नव्हती. टाईन आणि सॉलवे या दोन खाड्यांमधला एक रस्ता होता आणि त्यावर ठाणी होती. इ.स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियन ब्रिटनला आला, आणि त्याच सुमाराला या रस्त्याच्या उत्तरेला भिंत बांधायला घेतली गेली. लांबी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्राकडे. तीन लिजन, म्हणजे रोमन सैन्याच्या तीन मोठ्या पलटणी, या कामावर होत्या. गवंडी, सुतार, मोजणीदार सगळे सैन्यातलेच. पूर्वेकडची भिंत दगडी. पश्चिमेचा भाग आधी गवताळ मातीची ढेपं रचून उभारला आणि नंतर दगडात बांधून काढला. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, दोन गढ्यांच्या मध्ये दोन बुरूज. पुढे उत्तरेला खंदक. मग बेत बदलला आणि मोठी ठाणी खुद्द भिंतीवर आणली गेली. पाया १० फुटी भिंतीचा आणि वर चढवलेली भिंत त्याहून अरुंद, अशा जागा आजही दिसतात. काम चालू असताना वरून हुकूम बदलला की बांधकामाचं काय होतं, ते तिथे दगडात उमटून राहिलं आहे.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की प्रत्येक गढीला उत्तरेकडे उघडणारा दरवाजा होता. शत्रूला अडवायला बांधलेल्या भिंतीला मैला-मैलावर दरवाजा कशाला? माझं मत असं आहे, की ही भिंत मुख्यतः ये-जा रोखण्यापेक्षा ती मोजण्यासाठी आणि ताब्यात ठेवण्यासाठी होती. गुरं घेऊन, माल घेऊन कोण आलं, कोण गेलं, किती जण होते, हत्यारं होती का. भिंतीच्या दक्षिणेला, म्हणजे साम्राज्याच्या आतल्या बाजूलाही, दोन्ही कडांना मातीचे बांध घातलेला एक प्रचंड खंदक आहे. तो ओलांडायला वाट असे ती ठाण्यांच्या समोर. याचा अर्थ सैन्याला पाठीमागच्या लोकांवरही नजर ठेवायची होती. तरीही भिंतीला लढाईचा उद्देशच नव्हता असं मी म्हणणार नाही. पूर्वेकडे, आजच्या न्यूकॅसल शहराच्या भागात, भिंत आणि पुढचा खंदक यांच्यामधल्या पट्ट्यात ओळीनं खणलेले खड्डे सापडले आहेत. त्यांत टोकदार खुंट रोवलेले असावेत. असले खुंट कुणी गुराख्यासाठी रोवत नाही.

हेड्रियन गेल्यावर त्याचा वारस अँटोनायनस पायस यानं आणखी उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये, दुसरी, मातीची भिंत उभारली. पण एका पिढीच्या आतच ती सोडून सैन्य पुन्हा हेड्रियनच्या भिंतीवर आलं.

गंमत अशी, की ही भिंत हेड्रियनची आहे हेच पुढे लोक विसरले. कित्येक शतकं तिचं श्रेय सेप्टिमियस सेव्हेरस या नंतरच्या सम्राटाला दिलं जात होतं. एका गढीच्या जागी सापडलेल्या शिलालेखावर हेड्रियन आणि त्याचा सुभेदार प्लेटोरियस नेपोस अशी दोन्ही नावं होती. अशा पुराव्यांचा नीट मेळ घालून १८४० मध्ये जॉन हॉजसन या पाद्रीबुवांनी हेड्रियनचा दावा ठामपणे मांडला. तोवर भिंतीचं बरंच नुकसान झालं होतं. १७४५ मध्ये स्कॉटलंडमधून उठलेल्या बंडाच्या वेळी सरकारी फौजेला न्यूकॅसलहून पश्चिमेला वेळेत पोचता आलं नाही, म्हणून नंतर लष्करी रस्ता बांधला, आणि तो कित्येक मैल थेट भिंतीवरून नेला. भिंतीचेच दगड त्या रस्त्याखाली गेले. जे वाचलं, त्यातलं पुष्कळसं जॉन क्लेटन या न्यूकॅसलच्या नगर-कारकुनामुळे. तो भिंतीलगतच्या जमिनी विकत घेत गेला आणि दगड जागच्या जागी राहू दिले. अशा माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पण दगडांवरून भिंतीची जाडी कळते, भिंतीवरचं जगणं कळत नाही. ते कळलं विंडोलांडाच्या चिखलातून. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली तिथे उत्खनन करत होते. खोल थरात एकमेकांना चिकटलेले लाकडाचे पापुद्रे मिळाले. ते अलग केले तर आत शाईची अक्षरं! उजेडात ती पाहता पाहता पुसट झाली, पण इन्फ्रारेड छायाचित्रांत पुन्हा उमटली. मग अॅलन बोमन आणि डेव्हिड टॉमस यांनी वर्षानुवर्षं बसून ती गिचमिड लिपी लावली. रोमन सैनिक जुनं ठाणं पाडून, त्यावर मातीचा थर दाबून, नवं ठाणं बांधत. खालचा थर पाण्यानं भिजलेला आणि हवेपासून तुटलेला राहिला, म्हणून लाकूड, चामडं, कापड कुजलं नाही.

त्या पत्रांत काय नाही! मास्क्लस नावाचा अधिकारी उद्याचे हुकूम विचारतो आणि शेवटी कळवतो, की माझ्या लोकांकडची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा. कुणी कुणाला मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवले आहेत. आणि इ.स. १०० च्या आसपासचं एक पत्र क्लॉडिया सेव्हेराचं. एका अधिकाऱ्याची ही बायको आपल्या मैत्रिणीला, ठाणेदार सेरिआलिसच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावते आहे. मजकूर लेखनिकाचा, पण शेवटच्या ओळी तिनं स्वतःच्या हातानं लिहिल्या आहेत: तुझी वाट पाहीन, बहिणी. एखाद्या स्त्रीच्या हातच्या लॅटिन अक्षरांचा याहून जुना नमुना क्वचितच असेल. त्याच ठाण्यात जोडे सापडले हजारोंनी, आणि त्यांत बायकांचे आणि तान्ह्या मुलांचेही आहेत. सीमेवरची छावणी म्हणजे नुसते पुरुष, हा समज त्या जोड्यांपुढे टिकत नाही.

त्याच पट्टिकांमधल्या एका हिशेबात गांबॅक्स नावाच्या माणसासमोर नोंद आहे: मिरी, दोन दिनार. श्रोतेहो, ती मिरी आली कुठून? आपल्याच देशाच्या मलबार किनाऱ्यावरून. मोसमी वाऱ्यांवर जहाजं निघत, अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके बंदराला लागत, तिथून उंटांवर नाईल नदी, मग अलेक्झांड्रिया आणि पुढे रोम. बेरेनिकेच्या देवळात भारतीय रांजणात भरलेली साडेसात किलो मिरी उत्खननात मिळाली आहे. त्याच सागरी व्यापारात आपलं पैठण आणि तेरही होतं. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. ब्रिटनच्या गारठ्यातला एक माणूस ही मिरी पदरचे पैसे मोजून घेत होता, याचं मला आजही नवल वाटतं.

माणसंही तितक्याच लांबून आली होती. टाईन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्सला, रेजिना नावाच्या बाईची समाधिशिला आहे. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुवेलॉनी जमातीची, आधी गुलाम, मग मुक्त झालेली. तिचा नवरा बारातेस सीरियातल्या पाल्मायरा शहरातला. ती तिसाव्या वर्षी गेली. शिळेवर रीतसर लॅटिन मजकूर आहे, आणि त्याखाली बारातेसच्या मातृभाषेत, पाल्मायराच्या लिपीत, एक ओळ: बारातेसनं मुक्त केलेली रेजिना, अरेरे! त्या मुलखात ती ओळ वाचू शकणारी माणसं किती असतील? ती त्यानं कुणी वाचावी म्हणून कोरून घेतली नसावी.

हे सगळं टिकलं ते ओल्या मातीमुळे, आणि आता तीच माती वाळते आहे. विंडोलांडाच्या पश्चिमेला मॅग्ना नावाचं दुसरं ठाणं आहे. तिथली दलदलीची जमीन बदलत्या हवामानामुळे खचू लागली आहे. ओला थर वाळला की तडे पडतात, हवा आत शिरते आणि जे शेकडो वर्षं टिकलं ते कुजायला लागतं. म्हणून जमिनीतला ओलावा मोजणारी उपकरणं तिथे बसवली आहेत, आणि २०२३ पासून पाच वर्षांचं उत्खनन हाती घेतलं आहे. २०२५ मध्ये तिथल्या खंदकातून चामड्याचे जोडे निघाले, त्यांतले काही तब्बल ३० सेंटिमीटरहून लांब. काही जोड्यांचं चामडं मात्र विंडोलांडाइतकं चांगलं राहिलेलं नाही. तिथेही एखादा हजेरीपट, एखादं पत्र खाली असू शकतं. ते वर काढायला यापुढे फार सवड नाही, आणि तिथे काम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

नमस्कार.